एका मिनिटाची साक्ष

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. साक्ष म्हटली की न्यायालय, पिंजरा आणि शपथ डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्यांना न्यायालयाची पायरी कधी चढावी लागत नाही, तेही दिवसभरात कितीतरी वेळा साक्ष देत असतात. अशाच एका लहानशा साक्षीचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. ती देते रुग्णालयातील परिचारिका, आणि ती असते रुग्णाच्या श्वासाविषयी.

रुग्णाच्या तक्त्यात ताप, नाडी व रक्तदाब यांच्या जोडीला श्वसनगतीचा एक रकाना असतो. तापाला तापमापक आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, रक्तातील प्राणवायू बोटाला लावलेला चिमटा सांगतो. श्वास मात्र बहुतेक साध्या वॉर्डांत आजही डोळ्यांनीच मोजावा लागतो. छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास; असे पूर्ण एक मिनिट. विश्रांत प्रौढ माणसाचे साधारणतः १२ ते २० श्वास होतात.

श्वास आपोआप चालतो, तसाच तो आपल्या इच्छेनेही बदलतो. ‘तुमचा श्वास मोजते,’ असे म्हणताच रुग्ण नकळत तो सावरून घेतो. म्हणून जाणत्या सिस्टर नवशिक्या मुलींना शिकवतात की, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नये. बोटे तेथेच ठेवून दृष्टी छातीकडे वळवावी. रुग्णाला वाटते, अजून नाडीच पाहत आहेत.

मग ही फसवणूक नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. परिचारिका खोटे बोलत नाही. ती केवळ मौन राखते, आणि तेही रुग्णाची खरी अवस्था कळावी म्हणून. उद्या तिने हे त्याला सांगितले, तर तो हसून मान डोलावील. जे उघड झाल्याने विश्वास वाढतो, त्याला लबाडी म्हणता येत नाही.

खरी लबाडी दुसरीकडे घडते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकाने श्वसनगतीला ‘दुर्लक्षित’ लक्षण म्हटले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने तर शीर्षकातच विचारले की, सगळेच खरोखर मिनिटाला २० श्वास घेतात काय? तक्त्यांत १८ आणि २० हेच आकडे पुन्हा पुन्हा आढळत होते. इतक्या निरनिराळ्या आजारांची माणसे एकाच लयीत श्वास घेत नसतात. याचा अर्थ उघड आहे: अनेक आकडे मोजलेले नव्हते, केवळ लिहिलेले होते.

एवढ्याशा आकड्याने काय बिघडते? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारी एक गुणपद्धती आखली. तीत २० श्वासांना शून्य गुण आहेत, तर २५ श्वासांना तीन, म्हणजे रुग्णाला तातडीने तपासण्याची सूचना. चिमट्यावरील प्राणवायूचा आकडा समाधानकारक दिसत असतानाही श्वास वाढलेला असू शकतो. ते समाधान शरीर धडपडून विकत घेत असते. अशा वेळी २५ च्या जागी सवयीने २० लिहिले गेले, तर हाक मारणारे कोणी उरत नाही. रिकामा रकाना पुढच्या पाळीला निदान इतके सांगतो की, अजून कोणी पाहिलेले नाही. खोटा आकडा सांगतो की, पाहून झाले आहे.

तरीही सारा दोष परिचारिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तीस रुग्णांना प्रत्येकी एक मिनिट म्हणजे केवळ श्वासासाठी अर्धा तास. तोही द्यावयाचा नाही आणि रकाना मात्र भरलेला हवा, असे ज्या व्यवस्थेला वाटते, तीही खोट्या साक्षीची भागीदार ठरते. मोजत असलेल्या सिस्टरला मध्येच हाका मारणारे आपण नातेवाईकही थोडे भागीदारच.

याच्या उलट एक दृश्य आपल्याच महाराष्ट्रातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे काम गावातील सुईणींवर सोपविले. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे मिनिटाला ६० वा अधिक, आणि त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाचे ५० वा अधिक श्वास हे धोक्याचे चिन्ह. पण इतके मोजता न येणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. त्यांच्यासाठी एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेले साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेल्या मण्यापर्यंत हात पोहोचला, तर बाळाला औषधाची गरज आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या हातांनी दिलेली साक्ष खरी होती, कारण त्या मिनिटभर बाळाकडे पाहत होत्या.

दहा मण्यांनी रोझरीचे एक रहस्य पूर्ण करणाऱ्या आपल्या कुटुंबांना या साधनाचे मर्म वेगळे सांगावे लागू नये. मणी सरकवला म्हणजे प्रार्थना झाली असे नव्हे, हे आपण जाणतो. मातीच्या मनुष्यात परमेश्वराने स्वतः श्वास फुंकला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. तो श्वास न पाहता त्याचा आकडा लिहिणे म्हणजे, रुग्ण समोर असूनही तो तेथे नाही असे मानणे होय. अल्पात विश्वासू राहण्याविषयी प्रभू येशूने जे शिकविले, त्याची कसोटी अशाच एखाद्या मिनिटात लागते. आपल्या धर्मग्रामांतील ज्या लेकी परिचारिकेचा गणवेश घालतात, त्यांना ते मिनिट मिळावे, एवढी काळजी आपण सर्वांनी वाहिली पाहिजे.