एका रेघेची दुरुस्ती

आमच्या उर्दू शाळेच्या संगणक कक्षात नववीतला एक मुलगा एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची कमांड टाइप करीत होता. मदतीचे पान इंग्रजीत. त्यात पाहून त्याने ती पाच-सहा वेळा दिली, संगणकाने दर वेळी नाकारली. ‘मॅडम, मेरी ही गलती होगी,’ तो म्हणाला. चूक त्याची नव्हती. कमांडमध्ये दोन आखूड रेघा हव्या होत्या. पानावर त्यांची एकच लांब रेघ झाली होती. वर्ड प्रोसेसर कधी कधी असे आपोआप करून टाकतो आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

जाणकार अशी रेघ मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. म्हणूनच ती तशीच राहते. अडतो तो नवखा, ज्याचे इंग्रजी कच्चे असते. छापलेलेही चुकू शकते हे त्याला कुणी सांगितलेले नसते, म्हणून तो दोष स्वतःकडे घेतो. उर्दू वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ‘खे’च्या डोक्यावरचा नुक्ता खाली उतरला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो.

वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे ही इमानची सर्वांत खालची का होईना, पण शाखाच आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मी दुरुस्ती पाठवली. अशी दुरुस्ती कुणीही सुचवू शकतो. सॉफ्टवेअर सांभाळणारा ती तपासून स्वीकारतो. दोन दिवसांनी माझी दुरुस्ती स्वीकारली गेली आणि बदलांच्या इतिहासात माझे नाव तारखेसह नोंदले गेले. मी ते घरात सगळ्यांना दाखवले. रात्री मात्र मनात आले, आपण दगड उचलला की दगडावर नाव कोरले?

२०२० च्या ऑक्टोबरमधला प्रकार या संदर्भात आठवतो. डिजिटलओशन कंपनीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये त्या वर्षी चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी धड असलेल्या पानांत उगाच एखादे विशेषण घुसवून बदल पाठवले. असे कसे करावे हे दाखवणारा एक हिंदी व्हिडिओही होता. सांभाळणारे, त्यांतले कितीतरी बिनपगारी, ते बदल नाकारत बसले. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांतलेच बदल मोजले जाऊ लागले.

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. दिखाव्याने सवाब गेला तर तो माझा जाईल. तो हिशेब अल्लाह आणि माझ्यातला आहे. पण परक्याचा तास मी वाया घालवला तर तो बंद्याचा हक्क आहे, हक्कुल-इबाद, आणि त्याची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. तो मला कुठे भेटणार?

नावाबद्दलची माझी टोचणी यामुळे थोडी कमी झाली. हदीसच्या इस्नादमध्ये रावींची नावे जपली गेली ती त्यांच्या कौतुकासाठी नव्हे, सांगणारा भरवशाचा आहे का हे पारखता यावे म्हणून. दुरुस्तीपुढचे नावही तसेच धरता येईल. उद्या ती चुकीची ठरली, तर विचारायचे कुणाला हे त्यावरून कळते. (घरच्यांना दाखवण्याची हौस यात बसत नाही, हे कबूल.)

परवा त्याच मुलाने दुसऱ्या पानावर चूक दाखवली. ‘मॅडम, इस बार मेरे नाम से भेजिए.’ मी आधी ती कमांड त्याला दोन्ही प्रकारे चालवून पाहायला लावली. तास संपला. पानावर होते तेच बरोबर निघाले.