आत पाहणे आणि शांत होणे

सप्ताहातले कीर्तन आटोपून बसलो होतो. एक वृद्ध वारकरी जवळ आले आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही सांगता, आत पाहा, शांती मिळेल. मी आत पाहतो, तर आहे ती झोपही उडते. हे कसं?" प्रश्न साध्या भाषेतला, पण शास्त्राचा आहे. जे मन अशांत, त्याच मनाकडे पाहून शांती कशी मिळावी?

उत्तराआधी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपण ज्याला आत पाहणे म्हणतो, ती पुष्कळदा वकिली असते. रात्री अंथरुणावर पडावे आणि दिवसभराचा खटला उभा करावा. साक्षीदार आपलेच, न्यायाधीश आपणच, निकाल आधी ठरलेला. पण खोटा निकाल अंतःकरणाला पटत नाही; म्हणून दुसऱ्या रात्री तोच खटला पुन्हा उभा राहतो. काही सज्जन याच्या उलट करतात. आपण सर्वस्वी पापी, असे म्हणून स्वतःला झोडपतात. तेही पाहणे नव्हे. सगळेच दोष आपले म्हटले की नेमका कोणता, हे सांगण्याची अडचण उरत नाही.

दुसऱ्याचा दाखला कशाला, माझीच गोष्ट सांगतो. १९९७ सालच्या चैत्रात एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. रंगात आलेल्या कीर्तनात मृदंगाचा ठेका लांबला असे मला वाटले. मी थांबलो आणि मृदंगवाल्यांना भर सभेत असे काही बोललो की मंडळी हसली. त्यांनी खाली मान घालून साथ पुरी केली. त्यानंतर ते माझ्या साथीला आले नाहीत.

पुढे तीन महिने माझ्या मनाचा खटला चालू होता. सेवा शुद्धच झाली पाहिजे, श्रोत्यांसाठी बोललो, माझा काय स्वार्थ? वर वेदान्त शिकलेला! हे सारे मनाचे धर्म, मी केवळ साक्षी, असेही स्वतःला बजावून पाहिले. झोप मात्र येईना.

आषाढीच्या वारीत चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहून तरडगावच्या मुक्कामी आलो. रात्री राहुटीत पडल्या पडल्या एकच प्रश्न मनाला घातला : त्या क्षणी मी काय करीत होतो? आणि आठवले. मला अभंगाचे पुढचे चरण आठवत नव्हते. माझी चूक झाकायला मी त्यांचा ठेका पुढे केला होता. हे दिसले तेव्हा आनंद झाला नाही, अंगाला घाम सुटला. पण खटला तिथेच संपला.

वारी करून परतलो तो तडक त्यांच्या घरी गेलो. मुलाबाळांदेखत सांगितले, की चूक माझी होती. ते म्हणाले, "बुवा, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं चरण सुटलं, म्हणून तुम्हाला आठवायला वेळ मिळावा यासाठी मीच ठेका लांबवला." यावर मी काय बोलणार! त्यांनी मला सावरले होते, आणि मी त्याच सावरण्यावर लोकांना हसवले होते. पुढच्या वर्षी त्याच गावी, त्याच सभेत, हे सारे सांगितले. अपमान चारचौघांत करावा आणि क्षमा एकांतात मागावी, हा व्यवहार चोख नव्हे.

नामदेवरायांची कथा आपण सगळे सांगतो. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहिली, तेव्हा नामदेवराय दुखावले आणि कच्चे ठरले. पांडुरंगाशी रोज बोलणारा भक्त तो! पण ते त्या दुखावण्यावर थांबले नाहीत. त्यातून उठले आणि विसोबा खेचरांना शरण गेले. जिथे दुखते तिथेच कच्चे आहे. म्हणून ते ठिकाण झाकू नये.

आता साक्षीचा विचार. पंचदशीत नाटकदीप नावाचे दहावे प्रकरण आहे. नाट्यशाळेतला दिवा यजमान, सभासद आणि नर्तकी या सर्वांना सारखाच उजळतो; सारे निघून गेले तरी तो जळतच असतो. आत्मा तसा आहे. पाठशाळेत हे प्रकरण मी मुखोद्गत केले होते, पण त्या तीन महिन्यांत त्या दिव्याच्या आड लपू पाहत होतो. दिवा लपायला जागा देत नाही, तो दाखवतो. दोष पाहिला, कबूल केला, भरपाई केली. मगच साक्षीपणाची गोडी कळली. तो प्रसंग मला आजही आठवतो, पण चावत नाही. टिकणारी शांती म्हणतात ती हीच असावी. आठवण राहते, तिच्याशी भांडण उरत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की झोप उडते ती पाहण्याने नव्हे, अर्धवट पाहण्याने. रात्री हरिपाठ झाल्यावर एकच विचारावे : आज माझी कोणती चूक झाकायला मी दुसऱ्याला पुढे केले? एकच, पण नेमकी. सकाळी उठून त्या माणसाच्या दारी जावे. तो दार उघडील किंवा उघडणार नाही. आपले काम जाण्याचे. पुढचे विठोबावर सोपवावे.

रामकृष्णहरी.