पडद्यावरील पृथ्वी आणि शब्दप्रमाण

भूगोलाच्या तासाला पडद्यावर जो परस्परसंवादी नकाशा उघडला जातो, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने लहान-मोठा होणारा, सरकणारा आणि विचारलेल्या जागेची माहिती देणारा नकाशा, त्यातून विद्यार्थ्याला होणारे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, हा प्रश्न शिक्षणशास्त्रात सहसा विचारला जात नाही. गोडी वाढली का आणि गुण वाढले का, एवढ्यावरच चौकशी थांबते. भारतीय दर्शनांच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न तोच ठरला असता. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि गौतमाच्या न्यायसूत्रांनी अशी चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे, अर्थात विश्वसनीय व्यक्तीचे, सांगणे. डिजिटल नकाशा प्रत्यक्षाच्या वेषात येतो, पण तो असतो शब्दच, आणि वर्गातील त्याच्या बहुतेक अडचणी या वेषांतरातून उद्भवतात.

उपग्रहीय चित्राचेच उदाहरण घेता येईल. ते पाहताना आकाशातून जमीन दिसत असल्याचा भास होतो. वस्तुतः ते वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या चित्रांचे तुकडे ढग वगळून, रंग जुळवून एकमेकांना जोडलेले असते, आणि म्हणूनच कधीकधी एकाच डोंगराची एक बाजू पावसाळ्यातली हिरवी आणि सरळ रेषेपलीकडची दुसरी बाजू उन्हाळ्यातली करपलेली दिसते. त्या चित्रातला क्षण कोणाच्याही डोळ्यांपुढे कधीच घडलेला नसतो. नैयायिकांच्या मते प्रत्यक्षासाठी इंद्रिय आणि वस्तू यांचा संनिकर्ष, म्हणजे संबंध, आवश्यक आहे; येथे तो संबंध डोळा आणि पडदा यांच्यात होतो, डोळा आणि डोंगर यांच्यात नाही.

जुन्या कागदी नकाशात हे वेषांतर नव्हते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर 20 मीटरच्या अंतराने समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढलेल्या असतात, आणि त्या जिथे दाटीने येतात तिथे उतार तीव्र आहे हे विद्यार्थ्याला ताडावे लागते. धुरावरून अग्नीचे ज्ञान व्हावे तसेच हे अनुमान असते, आणि त्यामागची व्याप्ती, म्हणजे दाट रेषा व तीव्र उतार यांचे नियत साहचर्य, विद्यार्थ्याच्या मनात आधी पक्की व्हावी लागते. त्रिमितीय पडद्यावर कडा थेट दिसतो आणि अनुमानाचे कामच उरत नाही. याला सोय म्हणणे योग्यच. पण तर्काची एक तालीम त्यात बुडते, हेही मान्य केले पाहिजे.

शब्दप्रमाण हे कमी प्रतीचे ज्ञान होय, असा याचा अर्थ नव्हे. चार्वाकांनी ते नाकारले, नैयायिकांनी नाही. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या करताना दोन गोष्टी मागितल्या: वस्तूचे खरे ज्ञान आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा. ऋषी, आर्य किंवा म्लेच्छ, या अटी पूर्ण करणारा कोणीही त्याला आप्त म्हणून चालतो. त्यामुळे नकाशा परदेशी कंपनीचा असल्याने काही बिघडत नाही, मात्र सांगणारा कोण आणि त्याला काय सांगायचे होते, हे विचारावेच लागते. भारतातून पाहिल्यास जम्मू-काश्मीरची सीमा अखंड रेषेने दाखवणारा नकाशा इतर काही देशांतून पाहिल्यास तीच सीमा तुटक रेषेने दाखवतो. पडद्यामागे वक्ता आहे याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मर्केटर या नकाशाकाराने 1569 मध्ये समुद्रप्रवासासाठी एक प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, सिद्ध केले. त्यात दिशा आणि कोन टिकतात, पण ध्रुवांकडे जावे तसतसे आकार फुगत जातात. 60 अक्षांशावर लांबी दुप्पट, तर क्षेत्रफळ चौपट होते. 2005 मध्ये आलेल्या गूगल मॅप्सने याच पद्धतीची एक आवृत्ती स्वीकारली, कारण कोणत्याही शहरात नकाशा मोठा केला तरी रस्त्यांचे कोपरे काटकोनातच राहतात. परिणामी सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलंड सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटरच्या आफ्रिकेच्या बरोबरीचे भासते, आणि प्रत्यक्षात त्याच्या दीडपट असलेला भारत त्याच्यापुढे किरकोळ वाटतो. बोस्टनच्या सार्वजनिक शाळांनी 2017 मध्ये क्षेत्रफळ जपणारे पण आकार ताणणारे गॉल-पीटर्स प्रक्षेपणाचे नकाशे वर्गात आणले. हेतू स्तुत्य होता, तरी भिंतीवर केवळ नकाशा बदलल्याने एका आप्ताच्या जागी दुसरा येतो, एवढेच.

ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ठरवावे, याविषयी न्याय आणि मीमांसा यांचा जुना वाद येथे उपयोगी पडतो. नैयायिक परतःप्रामाण्यवादी आहेत: ज्ञानाची यथार्थता बाहेरून, मुख्यतः त्यानुसार केलेली कृती सफल झाली यावरून, ठरते. पण हाच नकाशा माणसाला रोज बिनचूक बसथांब्यावर पोहोचवतो आणि तरीही ग्रीनलंडविषयी चुकीची समजूत देत राहतो. नैयायिक यावर म्हणेल की, थांबा सापडल्याने दिशेचे ज्ञान सिद्ध झाले, क्षेत्रफळाचे नव्हे. हे उत्तर निर्दोष आहे, मात्र गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात ग्रीनलंडच्या क्षेत्रफळाची कसोटी लागेल अशी कृती येणार कुठून? मीमांसक कुमारिल भट्टाचा स्वतःप्रामाण्यवाद वर्गाच्या अधिक जवळचा आहे. त्याच्या मते ज्ञान मुळात ग्राह्य असते आणि दोनच कारणांनी बाजूला सारले जाते: ज्ञानाच्या कारणात दोष आढळल्यास किंवा विरोधी, म्हणजे बाधक, ज्ञान झाल्यास. प्रक्षेपणाचे गणित हा कारणदोष दाखवते. बाधक ज्ञान मात्र परस्परसंवादी साधनच देऊ शकते, कारण त्यात भारताची आकृती बोटाने उचलून ग्रीनलंडच्या अक्षांशावर नेता येते, जाताजाता ती फुगत जाते, आणि शेजारी ठेवल्यावर ग्रीनलंडच लहान ठरते. कागदी नकाशाने असे स्वतःचे म्हणणे विद्यार्थ्यासमोर कधीही खोडून दाखवले नव्हते.