आनृशंस्य आणि पाळलेला श्वान
गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात, म्हणजे प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा काढण्यात, कुत्र्याचाही घास सांगितला आहे. परंतु तो घास दाराबाहेर ठेवायचा असल्याने घरात आणलेल्या श्वानाविषयीचे कर्तव्य त्यात मावत नाही. त्यासाठी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वाकडे वळावे लागते, जिथे मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. त्याच्या या वृत्तीचे नाव आनृशंस्य, म्हणजे क्रौर्याचा अभाव. इटालियन ग्रेहाउंड या श्वानजातीबाबत पाळलेल्या प्राण्याविषयीच्या कर्तव्याचा हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण जेमतेम ५ किलोचे, अंगावर चरबी नसलेले, सोफ्यावरून उडी मारतानाही पुढचा पाय मोडू शकेल असे हे शरीर माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले आहे. नाशिकच्या जानेवारीतील पहाटे ते पाठीची कमान करून, एक पाय उचलून कुडकुडत उभे राहते, तेव्हा त्याला स्वेटर घालणे हा लाड नसून ऋणफेड असते. हौसेखातर असे पिल्लू आणू पाहणाऱ्याने पुढची बारा-चौदा वर्षे ही ऋणफेड निभावता येईल का, हे आधी ठरवावे.