शाप कीं वरदान?
नव्या शोधांची परीक्षा कशी करावी ह्याविषयीं



गेल्या महिन्यांत कुरकुंभाकडील एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आपली वही घेऊन आम्हांकडे आला. शाळेंत त्यास "विज्ञान : शाप कीं वरदान?" ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें होतें, व तो आम्हीं तपासून द्यावा अशी त्याची इच्छा होती. पहिल्या पानावर विजेचा दिवा, आगगाडी, मोबाईल व औषधें ह्यांची स्तुति होती. दुसऱ्या पानावर अणुबाँब, धूर व आळस ह्यांची निंदा होती. आणि शेवटीं, "विज्ञानाचा उपयोग जपून करावा," असें एक वाक्य होतें. अक्षर सुंदर होतें. परंतु वाचून झाल्यावर आमच्या मनांत आलें कीं, हा निबंध कोल्हापूरच्या मुलानें लिहिला असता किंवा नागपूरच्या मुलानें लिहिला असता, तरी त्यांत एका अक्षराचाहि फरक पडला नसता.

आम्हीं त्यास विचारलें, "बाळा, तुझ्या घराच्या दारांतून काय दिसतें?" तो म्हणाला, "कारखान्याची चिमणी." "मग ती ह्या निबंधांत कोठें आहे?" मुलगा खालीं पाहूं लागला. थोड्या वेळानें तो म्हणाला, "पाळकसाहेब, बाबा तेथेंच कामाला आहेत. आणि आजीच्या विहिरीचें पाणी आम्ही पीत नाहीं. त्याला वास येतो. विहिरीचें लिहिलें तर बाबांच्या पोटावर पाय येईल, आणि नुसतें कारखान्याचें चांगलें लिहिलें तर तें खोटें होईल. म्हणून दोन्ही सोडून दिलें."

ह्या मुलाच्या उत्तरांत मोठमोठ्या विद्वानांस अडविणारा प्रश्न आहे. ज्या यंत्रावर आपली भाकर अवलंबून आहे, त्याचे दोष सांगण्याचा आपणांस अधिकार आहे काय? आणि सांगावयाचे तर ते कसे सांगावे, कीं जेणेंकरून कोणावर अन्याय होणार नाहीं? ह्याचा विचार आज आपण करूं.

प्रथम कुरकुंभाचेंच उदाहरण घेऊं. हें गांव दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यावर आहे. एके काळीं लोक ह्या गांवास फिरंगाईच्या देवळावरून ओळखीत; आतां एमआयडीसीवरून ओळखतात. येथें रसायनांचे व औषधांचा कच्चा माल तयार करणारे कारखाने आहेत. सिप्ला कंपनीचाहि एक कारखाना येथें आहे. ह्याच कंपनीनें २००१ सालीं एड्सच्या रोग्यांसाठीं तीन औषधांचा संयोग दर रोग्यामागें वर्षास ३५० डॉलरांत देऊं केला; त्या वेळीं पाश्चात्य कंपन्यांच्या त्याच उपचारास वर्षास दहा हजार डॉलरांच्या वर खर्च येत असे. तीं औषधें कुरकुंभासच झालीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशाच प्रकारच्या विद्येनें व अशाच कामगारांच्या हातांनीं तीं झालीं, व लाखों माणसें जगलीं.

आतां दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट २०१९ मध्यें येथील एका रासायनिक कारखान्यास रात्रीं मोठी आग लागली, आणि आसपासच्या लोकांस अंधारांत घरेंदारें सोडून पळावें लागलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें पोलिसांनीं ह्याच वसाहतींतील एका कारखान्यांतून मेफेड्रोन नांवाच्या नशेच्या पदार्थाचा शेकडों किलोंचा साठा पकडला. आणि पाणी व हवा ह्यांविषयीं ह्या भागांतील रहिवाशांच्या तक्रारी तर अनेक वर्षांच्या आहेत.

एकच वसाहत, एकच रसायनविद्या. तींतून औषध निघालें, नशा निघाली, आग निघाली, आणि महिन्याचा पगारहि निघाला. आतां सांगा, ही विद्या शाप कीं वरदान? प्रश्नच असा घातला आहे कीं त्याचें खरें उत्तर देतां येत नाहीं. म्हणून मुलें अर्धे पान स्तुति व अर्धे पान निंदा लिहून मोकळीं होतात. आणि आपण मोठीं माणसेंहि पारावर बसून तेंच करितों.

कांहीं लोक म्हणतील, "शोध निर्दोष आहे, दोष वापरणाऱ्या माणसाचा." हें अर्धेंच सत्य होय. नशेचा पदार्थ करणाऱ्याच्या मनांत पाप होतें हें खरें. परंतु विहिरीचें पाणी बिघडतें तें बहुधा कोणाच्या दुष्ट हेतूनें नव्हे. सांडपाणी कोठें जावें, तें शुद्ध करण्यास किती खर्च करावा, यंत्र बंद पडलें तर काय करावें, हें आरंभीं नीट न ठरविल्यानें तें बिघडतें. तेथें सर्व माणसें सज्जन असलीं तरीहि पाणी उताराकडेच जाणार. म्हणून माणसाचा हेतु तपासणें पुरेसें नाहीं; वस्तूची रचनाहि तपासली पाहिजे.

परीक्षा न करितां निंदा केली तर काय होतें? लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां आपल्याच प्रांतांतील शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत कोणीं शेतांत करून पाहिली नव्हती. ती भीतीनें केलेली टीका होती. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली व पुढें तोच नांगर गांवोगांव गेला. जमीन मेली नाहीं. खोल नांगरट मात्र सोपी झाली.

उलट, परीक्षा न करितां विश्वास ठेवला तर काय होतें? गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध स्वस्त व गुणकारी म्हणून सर्वत्र चाललें. बैलास आराम पडे. धनी संतुष्ट होई. परंतु तें घेतलेलें जनावर मेलें, व त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें, म्हणजे गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामीं होत. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशांतील तीन जातींचीं गिधाडें शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें, व २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं हें औषध करण्यास बंदी केली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवा. परीक्षा करणाऱ्यांनीं "औषधें नकोत" असें म्हटलें नाहीं. त्यांनीं गिधाडांस न मारणारें मेलॉक्सिकॅम हें दुसरें औषध दाखवून दिलें, आणि माणसांसाठीं डायक्लोफिनॅक चालूच राहिलें. खऱ्या टीकेची ही खूण आहे : ती कोठें, कोणास, किती, हें सांगते, आणि पुढची वाट दाखविते.

तिसरें उदाहरण आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें प्लेगाची लस तयार केली, व जानेवारी १८९७ मध्यें ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ लोकांस ही लस टोचली, आणि त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. लोकांत हाहाकार झाला. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिनास काम सोडावें लागलें. लस शाप कीं वरदान, एवढेंच विचारून लोक थांबले असते तर तिचा तेथेंच अंत झाला असता. परंतु कांहींनीं दुसरा प्रश्न विचारला : हे एकोणीस जण कोणत्या बाटलींतील लस टोचलेले? ते सर्व एकाच बाटलीचे निघाले. ती उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करितां बूच काढण्यास वापरला होता, असें पुराव्यावरून दिसलें. रोनाल्ड रॉस इत्यादि शास्त्रज्ञांनीं हा पुरावा पुढें मांडला, आणि १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाला. एका निरपराध माणसाची अब्रू राहिली, लसहि राहिली, आणि निष्काळजीपणा उघडा पडला, हें सर्व "कोणती बाटली?" ह्या एका प्रश्नानें झालें.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कोणत्याहि नव्या शोधाविषयीं लिहितांना किंवा बोलतांना पांच प्रश्न विचारावे. हा शोध नेमकें कोणतें काम करितो? त्याचा लाभ कोणास होतो? त्याचा भार कोणावर पडतो, आणि लाभ घेणारे व भार वाहणारे एकच आहेत कीं निराळे? तो बिघडला तर काय होईल, व प्रथम कोणाचें होईल? आणि शेवटीं, बिघडल्यास जाब कोणास विचारावयाचा? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें शोधलीं, त्याच्या लिहिण्यास आपोआप वजन येतें.

कोणी म्हणेल, "आम्ही अडाणी खेडवळ माणसें, हें काम शास्त्रज्ञांचें." तसें नव्हे. पाण्यांत कोणतें द्रव्य आहे हें प्रयोगशाळा सांगेल. परंतु वास कोणत्या महिन्यांत येतो, पावसाच्या आधीं कीं नंतर, वारा कोणत्या दिशेचा असतांना डोळे चुरचुरतात, हें विहिरीवर रोज जाणारी बाईच सांगूं शकेल. मात्र तिनें तें लिहवून ठेविलें पाहिजे. तारीख घातली पाहिजे. आणि "पाहिलें", "ऐकलें" व "वाटलें" ह्या तीन गोष्टी वेगळ्या ठेविल्या पाहिजेत. पाहिलेल्यांत ऐकलेलें मिसळलें कीं साक्ष फुटते. कारखान्यास सरकारी मंडळाकडून अटींसह संमतिपत्र मिळालेलें असतें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें साध्या माणसासहि असे कागद मागतां येतात. असा अर्ज लिहिणें हाहि एक निबंधच आहे, आणि आमच्या मतें शाळेंतल्या निबंधाहून तो कठीण आहे.

आतां त्या मुलाच्या खऱ्या अडचणीकडे येऊं. ज्याची भाकर खातों त्याचा दोष सांगणें ही कृतघ्नता नव्हे काय? आम्हीं पुष्कळ विचार केला. कृतघ्नता ती, जी मिळालेला लाभ लपविते. जो मुलगा प्रथम लिहितो कीं, "बाबांच्या पगारावर माझी शाळा चालते," आणि नंतर लिहितो कीं, "आजीची विहीर सुटली," तो कृतघ्न नाहीं. तो संपूर्ण साक्ष देतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये हें आपण लहानपणापासून शिकतों. परंतु शेजाऱ्याचें नुकसान ठाऊक असून गप्प बसणें हेंहि त्या खोट्या साक्षीच्या फार जवळचें आहे. शिवाय, कारखान्यांत वायु सुटला तर तो पहिल्यानें कोणाच्या छातींत जातो? साहेबाच्या नव्हे, गांवाच्याहि नव्हे. तेथें उभ्या असलेल्या कामगाराच्या. म्हणजे जी टीका बापाच्या विरुद्ध वाटते, तिचा पहिला लाभ बापासच आहे. भय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. नोकरी जाण्याचें भय लहान नसतें. म्हणूनच हें ओझें एकट्या मुलावर टाकूं नये. तें मंडळीनें, गांवानें व ग्रामसभेनें मिळून उचलावें. आमच्या शिक्षकबंधूंस व प्रचारकांस विनंति कीं, त्यांनीं मुलांस जगाविषयींचे गोलमोल निबंध देण्यापेक्षां आपल्या गांवांतील एक पंप, एक फवारणी, एक चिमणी द्यावी, आणि तिच्याविषयीं पांच प्रश्न विचारावयास लावावें.

तो मुलगा पंधरा दिवसांनीं पुन्हां आला. निबंध नवा होता. नांव होतें, "बाबांचें काम आणि आजीची विहीर". त्यानें तो भीत भीत बापास वाचून दाखविला होता. बाप कांहीं वेळ बोलला नाहीं, असें मुलगा म्हणाला. मग त्यानें पेन मागून घेतला, आणि सांडपाणी शुद्ध करण्याच्या टाकीविषयीं मुलानें जें चुकीचें लिहिलें होतें, तें स्वतःच्या हातानें दुरुस्त केलें. शेवटीं "जपून उपयोग करावा" हें वाक्य राहिलें नव्हतें. त्याच्या जागीं एक प्रश्न होता : "ह्या विहिरीचें पाणी मागें कधीं तपासलें, आणि त्याचा कागद कोणाकडे आहे?"

त्या प्रश्नाचें उत्तर मागणारा अर्ज आतां बापलेक मिळून लिहीत आहेत.