मधल्या रांगेतली खुर्ची

मे महिन्यात घरी आलेले पाहुणे तिसऱ्या दिवशी हमखास विचारतात, ‘‘तुमच्या गावात संध्याकाळी बघण्यासारखं काय असतं?’’ घरातलं कुणी किल्ला सुचवतं, कुणी धरण. मी कॅलेंडरमागे खोचलेली वसंत व्याख्यानमालेची पत्रिका काढून त्यांच्या हातात देतो.

आपल्याकडे उन्हाळा हा माणसांनी एकत्र येण्याचाच हंगाम. रब्बीची रास घरात आलेली असते, पेरणीला अवकाश असतो, मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीला आलेली असतात. म्हणून तर गावोगावच्या जत्रा चैत्र-वैशाखात भरतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या नाचताना एकदा तरी पाहाव्यात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कुणी बोलावलं तर नक्की जावं. झोपाळ्यावर बसलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत मुक्कामाला असते, आणि तिच्यापुढची कैरीची डाळ नि पन्हं वर्षातून एवढ्याच दिवसांत तसं लागतं. पण त्या साऱ्यांत माझा जीव व्याख्यानमालेवर.

ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांची. त्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि ती इतकी रुजली की महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान-मोठ्या गावांनी ती आपली मानली. नाशिकला ती १९२२ पासून मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. कृष्णाकाठच्या वाईनेही आपल्या व्याख्यानमालेची शंभरी ओलांडली. दिवसभर तापलेल्या फरशीवर संध्याकाळी नदीवरचा वारा यायला लागला की ऐकायला बसावंसं वाटतंच! प्रवेशाला पैसे नाहीत, आमंत्रण लागत नाही. वर्गणी गोळा करणारी चार-सहा माणसं, एक वाचनालय किंवा शाळेचं आवार, सतरंज्या, खुर्च्या, आणि दूरवरून एसटीने आलेला वक्ता. त्याचं जेवण कुणातरी सभासदाच्या घरी. त्या घरात त्या दिवशी आमरस असतो आणि शेजारचे दोघे-तिघे उगाचच येऊन बसतात.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबा मला शाळेच्या पटांगणावर घेऊन गेले होते. पाणी अडवण्यावर व्याख्यान होतं. बांध, नाले, पाझर असे शब्द कानावर पडत होते आणि मी डुलक्या घेत होतो. मध्येच बाबांनी खिशातून एसटीचं तिकीट काढलं, गुडघ्यावर ठेवून त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, घडी केली आणि पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावला. माझी झोप उडाली. ती घडी पुढे पुढे जाऊ लागली. एका शेतकऱ्याच्या हातातून पेठेतल्या कापड-दुकानदाराच्या हातात, तिथून बायकांच्या बाजूला, एका आजींनी ती डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिली आणि शेजारणीला दिली. कुणी उघडून वाचली नाही. पहिल्या रांगेतल्या मुलाने उठून ती व्यासपीठावर नेली.

वक्त्यांनी ती शेवटी वाचली. बाबांचं अक्षर वाईट. त्यांना दोनदा अडखळावं लागलं. ‘‘वरच्या गावानं पाणी अडवलं तर खालच्या गावाच्या वाट्याचं काय?’’ एवढाच प्रश्न होता. पटांगणात कुजबुज झाली. वक्ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘याचं उत्तर दोन्ही गावांनी एकत्र बसून काढावं लागेल. ज्यांनी विचारलंय त्यांनी मला नंतर भेटा.’’ दिवे मालवायला आलेला शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा राहिला, तरी त्या दोघांचं बोलणं चाललं होतं. आता भोवती आणखी दहा-बारा जण जमले होते, त्यांतले दोघे खरोखरच खालच्या गावचे. आम्ही घरी पोचलो तेव्हा आईने ताटं झाकून ठेवली होती.

व्याख्यानातलं मला काहीही आठवत नाही. चिठ्ठी मात्र हातांतून जाताना अजून दिसते. आज तसाच वक्ता फोनवर ऐकता येतो, घरबसल्या, हवा तेव्हा थांबवून. मीही ऐकतो, आणि पुष्कळ शिकतो. पण तिथे माझा प्रश्न कुणाच्या हातात द्यावा लागत नाही. ज्याच्याशी मी बांधावरून भांडतो, ज्याच्याकडून उधारीवर कापड घेतो, त्याने माझा प्रश्न न वाचता पुढे द्यायचा, एवढा विश्वास आमच्या गावाने त्या पटांगणावर कमावला होता. वर्षानुवर्षं, मे महिन्यातल्या संध्याकाळी, शेजारी शेजारी बसून.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही तेवीस जण होतो. वक्त्या उत्तम बोलल्या, देशी बियाणं जपणाऱ्या बायकांविषयी. मागच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने वहीचं पान फाडून प्रश्न लिहिला. द्यायला वाकली, तर पुढच्या चार रांगा मोकळ्या. ती क्षणभर चिठ्ठी हातात धरून बसली. मग उठली, ओढणी सावरत मधल्या रिकाम्या खुर्च्यांमधून सगळ्यांच्या नजरेसमोर चालत गेली आणि स्वतःच टेबलावर ठेवून आली. तिचे कान लाल झाले होते. मी पहिल्या रांगेत होतो, नेहमीसारखा, पंख्याखाली.

आज सात वाजता यंदाचं पहिलं व्याख्यान आहे. पाहुण्यांना घेऊन जातोय, शेजारच्या काकूही येते म्हणाल्यात. पंखा नसला तरी चालेल, आज आम्ही मधल्या रांगेत बसणार आहोत.