भीती तिची, शिक्षा त्याला

ग्रामीण रुग्णालयातली नर्स एड्सच्या रुग्णाजवळ जायला कचरते, तेव्हा आम्ही तिला निर्दय ठरवून मोकळे होतो. रात्रपाळीला ती एकटी असते, हातमोजे संपलेले असतात, हे आम्ही विचारात घेत नाही. बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. ७२ तासांच्या आत औषधे सुरू केली तर तीही खूप घटते. हे ज्ञान आणि ही औषधे हाताशी असली की भीती ओसरते.

ओसरत नाही तो मनातला निवाडा. ‘याला हे झालं कसं?’ असे मलेरियाच्या रुग्णाला कुणी विचारते का? नवऱ्याकडून लागण झालेली बाईही याच नजरेने जोखली जाते.

२०१७ च्या कायद्याने उपचारातल्या भेदभावाला मनाई केली, तशीच कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने व प्रशिक्षण देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणून हातमोज्यांसाठी नर्सने जरूर भांडावे, आम्ही तिच्या बाजूने उभे राहावे. पण निवाडा तिने करू नये, आम्हीही करू नये. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवायला हातमोजा लागत नाही.